आत आणि बाहेर

नाट्यगृहाच्या तिकिटाचा नकाशा उघडला की बहुतेक जण पुढच्या रांगा शोधतात. मी आधी मिक्सर, म्हणजे ध्वनिनियंत्रणाचं टेबल, कुठे ठेवणार आहेत ते आयोजकांना विचारते आणि त्याच्या पुढची किंवा शेजारची खुर्ची मिळते का पाहते. पहिल्या रांगेतून गायकाचा चेहरा छान दिसतो. पण तिथे कानावर पडतो तो तबल्याचा थेट आवाज, गायकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्यासमोर ठेवलेल्या स्पीकरची, म्हणजे मॉनिटरची, उलटी बाजू आणि कडेच्या स्पीकरचा एक तुकडा. मिक्सरपाशी बसलेला माणूस मात्र जे ऐकतो त्यावरूनच सगळ्या सभागृहाचं गाणं ठरवत असतो. त्याला ऐकू येतं तेच आपल्यालाही ऐकू यावं म्हणून ही खटपट.

ख्यालाच्या मैफलीला चॅनल, म्हणजे एकेका माइकची मिक्सरवरची वाट, फार लागत नाहीत. गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला दोन (एक तबल्यावर, एक डग्ग्यावर), दोन तानपुऱ्यांना एकेक, मागे बसलेल्या शिष्यांना एखाद-दुसरा आणि निवेदकाला एक. हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदात एवढे चॅनल एकटा ड्रमसेट घेऊन जातो. बत्तीस चॅनलच्या मिक्सरचा तीन चतुर्थांश भाग मग रिकामाच असतो. डावीकडच्या आठ-नऊ फेडरखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांखाली, एक पांढरी पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर मार्करनं लिहिलेलं असतं: गायक, पेटी, तबला, डग्गा, तानपुरा 1, तानपुरा 2. ही पट्टी वाचायला मला आवडतं. रंगमंचावर जे अर्धवर्तुळात बसलेले असतात ते इथे एका ओळीत येतात. आणि ओळीत कुणी मोठा नसतो, प्रत्येकाला तेवढीच शंभर मिलिमीटरची खाच.

त्या खाचेवरच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात. तळाशी, जिथे आवाज जवळजवळ नाहीच, तिथे त्या दाटीवाटीनं असतात. वर शून्याच्या आसपास त्या ऐसपैस होतात. कारण हाताचं खरं काम तिथे चालतं. फेडर तीन डेसिबलनं वर केला की स्पीकरला जाणारी शक्ती दुप्पट होते, पण कानाला एवढंच वाटतं की जरासा वाढला. ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. म्हणून जाणता माणूस फेडर ढकलत नाही. बोटाचं टोक त्याच्यावर टेकवून ठेवतो, आणि तासाभराच्या विलंबित ख्यालात ते बोट एखाद्या नखाएवढं सरकतं. ते सरकलेलं मला दिसतं तेव्हा मी डोळे मिटून शोधते की काय बदललं. बरेचदा उत्तर असं मिळतं की पेटी गायकाच्या मागे अर्धा हात सरकून बसली.

चॅनल वेगळे असले तरी आवाज वेगळे नसतात, ही या कामातली पहिली अडचण. गायकाच्या डाव्या हाताला पेटी, उजव्या हाताला तबला, पाठीमागे तानपुरे. गायकाचा माइक सगळ्यात संवेदनशील ठेवलेला, त्यामुळे त्यात गायक तर येतोच, शिवाय पेटी येते, तबल्याची चाट येते, तानपुऱ्यांची गुंजही येते. गायकाचा फेडर वाढवला की ही सगळी वस्ती त्याच्याबरोबर वर येते. पेटी फार होतेय म्हणून पेटीचा फेडर खाली आणला, तरी गायकाच्या माइकमधून शिरलेली पेटी तशीच राहते. उलट ती आता लांबून, फिकट होऊन येते. अशा वेळी पेटीवाल्यांना भाता जरा हलका ठेवायला सांगणं किंवा माइकचं तोंड चार बोटं वळवणं याचा उपयोग होतो. मिक्सरवर कितीही बटणं असली तरी त्याला पर्याय नाही. आणि माइक वाढवत नेणं तर उलटंच पडतं. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की, स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून जी शिट्टी वाजते ती सुरू होण्याआधी हाताशी असलेला वाव तीन डेसिबलनं कमी होतो. शिष्यांचा माइक ते गात नसताना बंद ठेवणारा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल खात्री वाटू लागते.

तानपुऱ्याचं मात्र काय करायचं, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. हे मिक्सर घडले रॉक संगीताच्या दौऱ्यांसाठी. त्यात जवळजवळ प्रत्येक चॅनलला एक ‘लो कट’ असतो. 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालचं सगळं तो कापतो. फळ्यांवरच्या पावलांची धमधम, माइकच्या दांडीला लागलेला धक्का, वारा, हे सगळं त्यानं जातं, म्हणून सवयीनं तो दाबून टाकतात. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा हिशेब पाहा. त्याचा मध्य षड्ज सुमारे 138 हर्ट्झ, मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. तानपुऱ्याची खर्जाची तारही तिथेच. बटण दाबलं की त्या षड्जाचा पायाच जातो. कान हुशार असतो, वरच्या स्वयंभू स्वरांवरून तो षड्ज ओळखून घेतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण दरबारी कानडा मंद्रात उतरतो तेव्हा छातीत जे जाणवायला हवं ते जाणवत नाही, आणि श्रोता घरी जाताना म्हणतो की आज आवाज लागला नव्हता.

दुसऱ्या टोकाला जवारी आहे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तानपुरा बोलता केला जातो. त्या बोलण्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. हे सूक्ष्म स्वर वरच्या कंपनसंख्यांत राहतात, आणि शिट्टीचं भय वाटणारा माणूस नेमक्या त्याच पट्ट्यात इक्वलायझरचे दांडे खाली ओढतो. वरून कापलं, खालून कापलं. मधे उरतो तो एक घुमणारा सपाट आवाज. तानपुरे रंगमंचावर दिसतात, सुरेल लावलेले असतात, वाजत असतात, पण सभागृहात त्यांच्यातला गंधार पोचत नाही. माझ्या मते ध्वनिव्यवस्थेची परीक्षा इथेच घ्यावी, गायक स्वर लावण्यापूर्वीच्या मिनिटभरात. तिथे गंधार ऐकू आला तर पुढचे दोन तास निश्चिंत बसावं.

आत्तापर्यंत लिहिलं ते ‘बाहेर’बद्दल. या क्षेत्रातले लोक असंच बोलतात. बाहेर म्हणजे श्रोत्यांकडे जाणारा आवाज; आत म्हणजे मॉनिटरमधून कलाकारांकडे जाणारा. ‘आत तानपुरा वाढव’, ‘बाहेर पेटी ठीक आहे, आतली कमी कर.’ एकच माइक, एकच गळा, पण मिक्सरमधून त्याचे दोन वेगळे रस्ते निघतात आणि दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असतं. आत बहुधा तानपुरा जास्त लागतो आणि स्वतःचा आवाज बेताचा. तबलजीला गायक आणि पेटी हवी असते, स्वतःचा तबला फारसा नको असतो. म्हणजे रंगमंचावर बसलेला प्रत्येक जण निराळी मैफल ऐकतो आणि समोरचे हजार जण आणखी एक. त्या सगळ्या मैफली एकाच माणसाच्या हातातून जातात.

पूर्वी असं नव्हतं. दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं, मागे तानपुरे, स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येणारा. गायक आणि श्रोता एकाच हवेतलं एकच गाणं ऐकत. नाटकाच्या थिएटरातही तेच, फक्त गळ्याला पल्ला हवा. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग झाला, बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट एका रंगमंचावर आले, तेव्हा मध्ये कुठलंही यंत्र नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला जे मिळालं ते त्या दोन गळ्यांनी आणि त्या वास्तूनं दिलेलं. त्या पल्ल्याची किंमतही होती. जो स्वर लांबवर फेकता येत नाही तो गाण्यात येऊच शकत नव्हता. माइकनं ती अट काढून टाकली. भावगीत त्यामुळे फुललं, आणि कुमार गंधर्वांच्या गाण्यात एखादा स्वर अचानक श्वासाइतका हलका होतो तोही मोठ्या सभागृहात पोचू लागला. ही मोठी भर आहे. माइकपूर्व काळासाठी हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण आत आणि बाहेर यांची फारकत त्याच वेळी झाली, आणि ती सांधायला काय लागतं हे जगाला उशिरा कळलं. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले. श्रोते पंचावन्न हजारांहून अधिक. आवाज गेला तो स्टेडियमच्या घोषणांच्या स्पीकरवरून, आणि गायकांपुढे मॉनिटर नव्हते. किंकाळ्यांच्या त्या समुद्रात आपण काय गातोय हे त्या चौघांना ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे कायमचे थांबवले. कारणं अनेक होती. त्यातलं हे एक मला अगदी आतून पटतं. स्वतःला ऐकू न येता गाणं ही गायकाला होऊ शकणारी सर्वांत क्रूर शिक्षा आहे.

बरोबर चार वर्षांनी, 15 ऑगस्ट 1969 ला, वुडस्टॉक सुरू झालं. ध्वनिव्यवस्था बिल हॅनली यांची. मोठ्या दौऱ्यांसाठीचे मिक्सर तेव्हा बाजारात नव्हतेच. शुअर कंपनीचे चार-चार चॅनलचे छोटे मिक्सर एकमेकांना जोडून त्यांनी लाखोंच्या जमावाला गाणं ऐकवलं. त्याच पहिल्या रात्री, पावसात, पंडित रविशंकर वाजवायला बसले. तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. ओलसर हवेत सतारीच्या तरफा आणि तानपुरा सुरात राखण्याची त्या तिघांची धडपड मला सहज दिसते. आणि दिसतो तो चिमुकल्या मिक्सरवरचा माणूस, ज्याच्या चार बटणांपैकी एकावर तानपुरा होता. त्यानं तो किती ठेवला असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर वेगानं बदललं. 1973 मध्ये साउंडक्राफ्टनं थेट प्रवासी पेटीतच बसवलेला मिक्सर काढला, 1974 मध्ये यामाहाचा पीएम 1000 आला, आणि हळूहळू मिक्सर रंगमंचाच्या कडेवरून उठून श्रोत्यांच्या मधोमध येऊन बसला. या स्थलांतराला मी फार महत्त्व देते. ज्यांच्यासाठी गाणं चाललंय त्यांच्यात बसल्याशिवाय त्यांना काय ऐकू येतं हे कळत नाही.

मैदानावर तर हे आणखी कठीण होतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा, आणि त्यातली पुष्कळ वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावरची. मांडवात हजारो माणसं, पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, त्यामागे उभे राहिलेले. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मी रंगमंचापासून 70 मीटर मागे बसले असेन तर माझ्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मिनिटाला तीनशे मात्रांच्या अतिद्रुत तीनतालात तेवढ्या वेळात एक पूर्ण मात्रा होते. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर तबलजीचा हात समेवर पडलेला दिसतो आणि माझी सम एक मात्रा उशिरा येते. मागच्यांसाठी मध्येच स्पीकर उभे करतात, पण वीज तारेतून क्षणात पोचते, त्यामुळे जवळचा स्पीकर आधी बोलतो आणि रंगमंचाकडचा आवाज मागून येऊन त्याच्यावर आदळतो. म्हणून त्या मधल्या स्पीकरांना मिक्सरकडून मुद्दाम उशीर करायला लावतात, अंतर मोजून, मिलिसेकंदांत. त्यातही पुण्याचा डिसेंबर. दुपारी तीस अंशांत लावलेला उशीर रात्री बारा अंशांत बरोबर राहत नाही. थंड हवेत ध्वनी हळू चालतो आणि 70 मीटरवर सहाएक मिलिसेकंदांचा फरक पडतो. सम चुकत नाही त्यानं, पण तबल्याच्या चाटेची धार जाते. संध्याकाळी शाली बाहेर निघतात, स्वेटर चढतात, तीही सगळी लोकर वरचे स्वर पिऊन टाकते. रिकाम्या मांडवात दुपारी जुळवलेला आवाज हा फक्त पहिला अंदाज असतो, आणि जो माणूस रात्री नऊ वाजता उठून मागच्या रांगांपर्यंत चालत जाऊन ऐकून येतो, तो त्या महोत्सवाच्या यशात वाटेकरी असतो.

डिजिटल मिक्सर आल्यापासून हे चालणं सोपं झालंय. 2012 नंतर बेहरिंगरच्या एक्स 32 सारखे स्वस्त मिक्सर निघाले आणि तालुक्याच्या गावांतल्या ध्वनिव्यावसायिकांकडेही ते पोचले. टॅबलेट हातात घेऊन माणूस सभागृहभर फिरतो, आणि गायक येण्यापूर्वी रंगमंचावर त्याच्या जागी बसून ‘आत’ काय ऐकू येतं तेही पाहू शकतो. तसं करणारे फार थोडे दिसतात, याचं मला वाईट वाटतं. जुन्या ॲनालॉग मिक्सरवर प्रत्येक कामाला स्वतंत्र बटण होतं आणि हात न बघता तिथे जाई. आता डोळे पडद्यावर खिळतात. डोळे पडद्यावर असले की गायकाचा चेहरा दिसत नाही. आणि आत काय चाललंय हे कळण्याचा हमखास मार्ग तो चेहराच आहे. छोट्या मैफलीत आत-बाहेर एकच माणूस सांभाळतो आणि तो बसलेला असतो बाहेर. मॉनिटरमध्ये काय पोचतंय ते त्याच्या कानाला कळत नाही. गायकाची भुवई, मान किंचित मागे तानपुऱ्याकडे वळणं, गुडघ्याजवळून वर झालेली तर्जनी, यांवरून त्याला ताडावं लागतं.

आणि आतल्या प्रमाणानं गाणं खरोखर बदलतं. स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये कमी आला की गायक नकळत ताण देतो, स्वर चढा लागू लागतो, तासाभरात गळा थकतो. फार मोठा आला की तो आवाज आवरून घेतो, लगाव पातळ होतो, मग बाहेर फेडर वाढवावा लागतो आणि शिट्टीचा काठ जवळ येतो. तानपुरा पुरेसा असला की आलापात थांबण्याची हिंमत येते. दोन स्वरांमधल्या विरामात टेकायला काहीतरी असतं. म्हणजे कुठे थांबायचं, किती थांबायचं, यातसुद्धा त्या पांढऱ्या पट्टीमागच्या माणसाचा वाटा आहे. तबलजी ठेका धरतो, पेटीवाला मागोमाग येतो, आणि हा प्रमाण धरतो. मी त्याला साथीदारच मानते. निवेदनात त्याचं नाव शेवटी, मांडववाल्याच्या आणि फुलवाल्याच्या जोडीनं यावं, हे मला पटत नाही. साथसंगत सांगतानाच ते सांगायला हवं.

साथीदार म्हणायचं तर त्याच्याकडून मागणंही तेवढंच हवं. त्याला राग ओळखता यावा असं नाही, पण यमनाचा आलाप चालू असताना तबल्याचा चॅनल जागा ठेवून आता ठेका येणार हे त्याला मुखड्यावरून कळायला हवं. डग्ग्याचा घुमारा सभागृह हादरवण्यासाठी नसतो हे ठाऊक हवं. गाणं चांगलं रंगलंय म्हणून एको वाढवायचा मोह आवरायला हवा. आणि आयोजकांनी त्याला बसवायचं कुठे? आपल्याकडे कित्येक नाट्यगृहांत ध्वनिनियंत्रणाची खोली अगदी मागे, बाल्कनीखाली, काचेआड आहे. काचेमागून गाणं ऐकून प्रमाण ठरवायला सांगणं हा त्या माणसावर आणि त्या गायकावर अन्याय आहे. मधल्या रांगेतल्या चार खुर्च्या काढून तिथे टेबल टाकलं तर चार तिकिटं जातात, एवढाच तोटा. आणि ध्वनिचाचणीला तासभर द्यावा. बुके आणि सत्कारांच्या भाषणांत जाणारा वेळ कापून तो सहज निघेल.

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या संगीतसभेत कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळणाऱ्या एका तरुणाशी बोलत उभी होते. तो तबला शिकतो, मिक्सर वडिलांकडून शिकला. गायिका शाल सावरत रंगमंचावरून खाली आल्या आणि आधी त्याच्याकडे वळल्या.

“काय रे, मारव्यात काय केलंस मध्येच?”

“ताई, आत पेटी काढली. तुम्ही कोमल रिषभावर दोनदा मागे पाहिलंत. पेटीचा षड्ज तुम्हाला ओढत असेल असं वाटलं.”

“आणि बाहेर?”

“बाहेर होती तशीच. लोकांना कळलं नाही.”

“मला कळलं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात साताऱ्याला आहे माझं. मोकळा आहेस का?”

त्यानं खिशातून फोन काढला आणि तारीख विचारली.